वहिनीला मी काय शिकवलं

“हळू म्हण ना, पोरी. आत्या आतच आहे. तिच्यापुढं हा धडा नको काढू. तिले हे येत नाही, मंग वाईट वाटते तिले.”

वहिनी स्वयंपाकघरातून बोलत होती. मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते, मधे फक्त एक पडदा. आरू, म्हणजे माझी भाची, दादाची लेक, दुसरीत आहे. ती इंग्रजीचं पुस्तक घेऊन फरशीवर पालथी पडली होती नि मोठ्यानं वाचत होती. जानेवारी इज द फर्स्ट मन्थ ऑफ द इयर. फेब्रुवारी इज द सेकंड मन्थ. तिथवर आली नि वहिनीनं तिला थांबवलं. मग तिचा आवाज एकदम खाली गेला. मार्च, एप्रिल, मे — सगळे महिने कुजबुजत गेले.

माझ्या हातात आरूचाच फ्रॉक होता. त्याची घडी मी घातली, मोडली, पुन्हा घातली.

मला ते येतं. पहिला, दुसरा, तिसरा म्हणताना इंग्रजीत आधी ‘द’ लावतात, हे मला शाळेत असल्यापासून येतं. मग वहिनीला असं का वाटावं, की मला येत नाही? आणि इतकी वर्षं ती ते झाकत का आली असेल — लेकीला आवाज खाली घ्यायला लावून?

त्याचं कारण मी आहे. त्या दुपारपर्यंत मी हे कोणालाही सांगितलेलं नव्हतं. आईला नाही, दादाला नाही, कॉलेजात एक-दोघी बऱ्या बोलायच्या त्यांनाही नाही. स्वतःशीसुद्धा मी ते सरळ म्हटलेलं नाही. मनात त्याला वेगळी नावं होती. ‘ती गडबड.’ ‘त्या वेळचं ते.’ तुम्हीही असं करता का? एखाद्या गोष्टीकडं इतक्या लांबून जायचं, की पोचायच्या आत संध्याकाळ व्हावी?

सांगते. पण मला थोडं मागून यावं लागेल.

आमचं घर फुलचूरला. बाबांची मुर्रीकडं धानाची शेती आहे, थोडी. दादा मराठी शाळेत शिकला. माझ्या वेळी बाबांच्या मनात आलं, की पोरीला इंग्रजीत घालायचं, नि मला व्हॅनमध्ये बसवून गोंदियातल्या शाळेत पाठवायला लागले. तिथं वर्गात इंग्रजी, मधल्या सुटीत हिंदी. घरी आई-बाबा आपसात पोवारी बोलणार, माझ्याशी मराठी. मला सगळं समजायचं. पण बोलायला तोंड उघडलं, की जिथं असेन तिथलं सोडून भलतंच काही बाहेर यायचं, नि कोणीतरी हसायचं. घरी काकांची मुलं म्हणायची, ‘आली बघा इंग्लिश मॅडम’. शाळेत मुली म्हणायच्या, ‘छोड ना, गांव की है’. खेडवळ हा शब्द मी पुस्तकात वाचायच्या आधी अंगावर घेतलेला होता.

मग मी बोलणंच कमी केलं. गप्प राहणाऱ्या मुलीच्या चुका निघत नाहीत, हे मला लवकर कळलं. लोक म्हणायचे, शांत आहे, हुशार आहे. हुशार होते मी — पेपरात. पेपर तपासून परत आले, की बाई वर्गाला माझा दाखवायच्या. मधल्या सुटीत मात्र मी डबा घेऊन जिन्याखाली बसायचे.

आठवीतल्या आमच्या इंग्रजीच्या बाईंनी एकदा फळ्यावर रांग काढली होती. काड्यांची माणसं, एकामागे एक. म्हणाल्या, रांगेत पहिल्या जागी एकच जण मावतो, दुसऱ्या जागी एकच. जो ठरलेला आहे, एकटाच आहे, त्याच्या आधी ‘द’. आपण मराठीत नुसतं ‘पहिला’ म्हणतो नि पुढं जातो. इंग्रजीला थांबून सांगावं लागतं — हाच तो, दुसरा कोणी नाही. मला तो तास फार आवडला होता. कोणाच्या तरी रांगेत मी अशी ठरलेली असावी, असं मला तेव्हा वाटलं असेल का? माहीत नाही. पण तो नियम मी पुढं कधी विसरले नाही. एवढं लक्षात ठेवा. मी तो विसरले नव्हते.

वहिनी घरात आली तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. तिचं माहेर सालेकसा तालुक्यात, कचारगडाच्या वाटेवर. मराठीतून शिकलेली, डी.एड. केलेली, बोलणं रोखठोक. लग्नाला आठवडा झाला असेल-नसेल, ती माझ्या खोलीत आली, कॉटवर मांडी घालून बसली नि माझ्याकडं पाहतच राहिली.

“बाई,” ती म्हणाली, “तुमी दिवसभर तोंडात धान भरून ठेवता का जी?”

मला हसू आलं. मोठ्यानं. आई दाराशी येऊन बघून गेली, की काय झालं.

दादा नागपूरला एका कंपनीत होता. तिथं मित्रांबरोबर खोलीत राहायचा नि शनिवारी घरी यायचा. म्हणजे बाकीचा आठवडा वहिनी माझी होती. हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते, पण मी तेव्हा असंच धरून चालले होते — माझी. घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, आम्ही दुपारी बसायचो. ती लाखोळीची डाळ निवडायची, मी पुस्तक उघडं ठेवून तिचं बोलणं ऐकायचे. शेजारच्या कोंबड्याला तिनं आमच्या सरपंचाचं चालणं दिलं होतं, ते करून दाखवायची. माझे केस विंचरायची. कॉलेजमधून आले, की विचारायची — आज कोण भेटलं, काय खाल्लं, कोण काय बोललं. तोवर मला रोज असं कोणी विचारलं नव्हतं. उत्तर देता यावं म्हणून मी कॉलेजात लोकांकडं जरा नीट बघायला लागले. घरी जाऊन सांगण्यासारखं काहीतरी हवं ना?

ती माझ्याहून मोठी. तरी मी तिला ‘तू’ म्हणायचे नि ती मला ‘तुमी’. आमच्याकडं तसंच असतं. नणंद वयानं लहान असली तरी घरची लेक, तिचा मान मोठा. तिचा शब्द सून खाली पाडत नाही. चारचौघांत तर नाहीच. मला तेव्हा हा मान फुकट मिळालेला होता, आणि तो किती जड असतो ते मला ठाऊक नव्हतं.

मग नागपूरचं निघालं. दादाच्या ऑफिसजवळ एक नवी इंग्रजी शाळा उघडली होती, तिथं लहान वर्गांसाठी शिक्षिका हव्या होत्या. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की दोघंही कमावत असाल तर खुशाल तिकडं संसार मांडा, नाहीतर सून इथंच राहील. म्हणजे सगळं त्या एका नोकरीवर आलं. ती लागली तर वहिनी दादाजवळ जाणार. नाही लागली तर फुलचूरला राहणार — शनिवारची वाट बघत.

त्या शाळेत आधी एक पाठ घेऊन दाखवायचा होता. दुसरीच्या वर्गावर, खऱ्या मुलांसमोर. वहिनीनं विषय घेतला वर्षाचे महिने. नि शिकवायला तिला घरात होतं कोण? मी.

ती जोरात कामाला लागली. सांदवाडीतल्या भिंतीवर कोळशानं महिने लिहिले. मला समोर बसवायची, विद्यार्थी करून. “तुमची इंग्रजी कशी जी, धार सोडल्यावानी येते,” म्हणायची. “माही म्हणजे बुडाले लागलेला भात. खरवडून काढा लागते.” पण ते खरं नव्हतं. उच्चार तिच्या गावचे होते, हे खरं. पण ती उभी राहिली, हात हलवून बोलायला लागली, की बघत राहावंसं वाटायचं. मे महिना आला, की पदरानं वारा घ्यायची. जूनला वर बघून डोळे मिचकावायची. ही वर्गात उभी राहिली, तर मुलं हिला सोडणार नाहीत — मला ते स्पष्ट दिसत होतं. म्हणजे ही जाणार, हेही.

एका दुपारी दादाचा फोन आला. त्यानं दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. वहिनी फोन ठेवून आली ती सांगतच आली. एवढी गॅलरी आहे, नळ घरात आहे, शाळा पायी पायी जाण्यासारखी आहे. आणि मग माझा हात धरून म्हणाली, “तुमी सुटीत येत जा जी, बाई.”

सुटीत.

ती आनंदात होती. तिनं मला बोलावलं होतं. यात दुखावण्यासारखं काय होतं? मला माहीत आहे, काही नव्हतं. पण मला मात्र पुढची सगळी वर्षं दिसली. ही सांदवाडी, ही भिंत, नि मी — पुन्हा तोंडात धान भरून.

थोड्या वेळानं तिनं पुस्तक पुढं केलं. “बाई, हे ‘द’ काऊन लावून राहिले जी हरेक जागी? फर्स्टच्या आंधी बी, सेकंडच्या आंधी बी. माह्या तोंडात बसतच नाही ते.”

मी वरसुद्धा पाहिलं नाही. म्हणाले, “ते लिहिण्यापुरतं असतं. बोलताना नाही लावत. बोलताना लावलं, तर खेडवळ वाटतं.”

हे माझ्या तोंडून निघालं. आधी ठरवलेलं नव्हतं. हे खरं आहे, आणि याचा काही उपयोग नाही.

“असं होय!” ती म्हणाली. “बरं झालं जी सांगितलं. नाही त इज्जतच गेली असती माही.”

मी थांबू शकले असते. गंमत केली, असं म्हणता आलं असतं. ती हसून पाठीत धपाटा घालती नि पुढं जाती. दुसऱ्या दिवशी तिनं ‘द’ गाळून सगळे महिने म्हणून दाखवले. जानेवारी इज फर्स्ट मन्थ. मी समोर बसून मान हलवली. तिसऱ्या दिवशीही हलवली. तिला ते सोपं जात होतं, वाक्य पळत होतं, म्हणून ती खूश. तिच्या पुस्तकात पानोपानी ‘द’ छापलेला होता. तिनं एकदा बोट ठेवून मला तो दाखवलाही. मी म्हटलं, पुस्तक लिहिलेलंच असतं ना. तिनं पुस्तक मिटलं. घरच्या लेकीचा शब्द होता. पुस्तकाचं काय?

इथवर मी अनेकदा आले आहे, मनात. इथवर आलं, की मला थोडी सूट घेता येते — वय लहान होतं, एक शब्द तर होता, मुलाखतीत अशा चुका सगळ्यांच्याच होतात. पण इथं ते संपत नाही. पुढचं मी कधीच आठवू दिलं नाही.

पाठाच्या आदल्या दिवशी वहिनीनं विचारलं, “एखाद्या पोट्ट्यानं ‘द’ लावून म्हटलं, त काय करू जी?”

बघा, तिनं मला दार उघडून दिलं होतं. मी ‘राहू दे’ म्हणू शकत होते. ‘ऐकून घे नि पुढं जा’ म्हणू शकत होते. तेवढ्यानंही ती वाचली असती. एखादा शब्द गाळणाऱ्या बाईला शाळा सांभाळून घेते, शिकवून घेते. मला हे कळत होतं. नुसत्या गाळण्यानं कदाचित काही होणार नाही, हे कळत होतं, म्हणूनच मी म्हणाले —

“दुरुस्त करायचं. टीचर आहेस ना तू?”

हा माझा दोष आहे. पहिलं खोटं तोंडून निसटलं, असं मी म्हणू शकते. दुसरं मी विचार करून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा तिला घ्यायला आलेला होता. तिनं फिकट पिवळी साडी नेसली होती, पदराला पिन लावली होती, आरशात बघून स्वतःलाच ‘गुड मॉर्निंग, चिल्ड्रन’ म्हणाली होती. आमच्याकडं सून चांगल्या कामाला निघाली, की सगळ्यांच्या पाया पडते. आईबाबांच्या पडली, मग माझ्यासमोर वाकली. मी पाय मागं घेतले.

“पडू द्या जी,” ती खालूनच म्हणाली. “विद्या त तुमचीच घेऊन चालली.”

तिची बोटं माझ्या पायांना लागली. गार होती — घाबरली होती ती. मी काय केलं? ‘ऑल द बेस्ट’ म्हणाले. ते म्हणताना मधला ‘द’ माझ्या तोंडून स्वच्छ निघाला. मला तो ऐकू आला. तिला नाही. स्टेशनवर जायला दादानं गाडीला किक मारली होती.

संध्याकाळी ती परतली ती हसतच. ओसरीत बसली, पाण्याचा गडू तोंडाला लावला नि आम्हा सगळ्यांना सांगायला लागली. “माय वो, फजितीच झाली ना माही!” दोन वेण्यांची एक एवढीशी पोट्टी उठली म्हणे, नि म्हणाली — मॅडम, द फर्स्ट मन्थ. “मंग म्या काय करावं? म्या तिलेच समजावलं. बोलताना नाही लावत म्हटलं बेटा, खेडवळ वाटते. तिनं फळ्यावर लिहून दाखवला, त म्या खोडला! मागं मोठ्या मॅडम बसून होत्या. त्या उठल्या, समोर आल्या, नि त्यायनं पुन्हा लिहिला. सारे पोट्टे पाहून राहिले माह्याकडं.”

त्या मॅडम रागावल्या नव्हत्या. नंतर चहा दिला, म्हणाल्या, तुमचा आवाज चांगला आहे, तयारी करून पुन्हा या. वहिनी हेही सांगत होती नि हसत होती, आणि हसताना गडू खाली ठेवायला विसरली होती. पाणी साडीवर सांडत होतं.

तेव्हा आई म्हणाली, “पण सोनूनं शिकवलं होतं ना तुला?”

सोनू मी. दादानं माझ्याकडं पाहिलं. बाबांनी पाहिलं. वहिनीनं पाहिलं नाही.

“बाईनं बरोबरच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “मीच उलटं ध्यानात ठेवलं. माह्या डोक्यात भुसा भरला आहे, दुसरं काय!”

आणि उठून मोरीवर पाय धुवायला गेली. जराही न अडखळता बोलली ती. मी ताटं घेतली. भाजीला फोडणी द्यायची होती, ती दिली. त्या संध्याकाळी मी एकही शब्द बोलले नाही, आणि कोणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. मी बोलतच नसायचे ना.

ती पुन्हा गेली नाही. दादा म्हणाला, बाबा म्हणाले, आईसुद्धा म्हणाली. “जाऊ द्या जी, माह्यं काम नाही ते,” एवढंच म्हणायची. भिंतीवरचे महिने तिनं पाणी टाकून पुसले. दोन खोल्या दुसऱ्या कोणीतरी घेतल्या. पुढं आरू झाली. दादा अजून तसाच येतो, शनिवारी. रविवारी संध्याकाळी तो स्टेशनवर निघायच्या वेळेला त्याचा एक बूट सापडत नाही. आरू लपवते. कधी धान्याच्या कोठीमागं, कधी माझ्या कपाटात. सगळे हसतात, शोधतात. शेवटी दादाचा चेहरा पाहून ती स्वतःच आणून देते नि दारामागं जाऊन उभी राहते. वहिनी तिला बाहेर काढत नाही, नुसती पाठीवरून हात फिरवते. हे सगळं मी बघते. दर रविवारी बघते. सात वर्षांची मुलगी — तिलाही कळतं, की बूट परत द्यायचा असतो.

नि मला काय मिळालं? वहिनी राहिली. मला हवं होतं तसं झालं. पण मला तिच्याकडं पाहून बोलता येईना. दुपारी ती डाळ घेऊन बसली, की मी अभ्यास काढायचे. नंतर गोंदियात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम मिळालं, ते बरंच झालं. तिथं दिवसभर कोणी बोलत नाही. जिला जाऊ दिलं नाही, तिच्यापासूनच मी घरात लपत राहिले. ती आधी विचारायची, काय झालं जी? मग विचारेनाशी झाली. केस माझे मीच विंचरते.

एवढी वर्षं मला दोनच गोष्टी वाटत आल्या होत्या. एक तर तिला खरंच वाटतं, की तीच चुकली. नाहीतर तिला सगळं कळलंय नि ती सांगत नाही. तिसरं काही असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. त्या दुपारी पडद्याआड ते ऐकलं — ‘तिले हे येत नाही’ — आणि मागची किती तरी दुपारं एकदम माझ्यासमोर उलगडली. शेजारच्या काकू मुलाला घेऊन आल्या होत्या, की सोनूकडून इंग्रजी घेऊ दे जरा. वहिनीनं त्यांना दारातूनच वळवलं होतं — बाईले टाइम कुठं असते जी, ऑफिस असते. मावसभावानं एकदा सगळ्यांसमोर मला इंग्रजीतलं काही विचारलं, तेव्हा हिनं हातातला चमचा पाडला नि विषय बदलला. मला वाटायचं, ही किती वेंधळी झाली आहे.

तिला वाटत होतं, की इंग्रजी शाळेत शिकूनही मला ते आलं नाही, नि मी ते लपवून आहे. आणि घरच्या लेकीचं उणं बाहेर पडू नये, म्हणून ती ते सांभाळत होती. स्वतःच्या डोक्यात भुसा आहे असं म्हणून. नागपूर घालवून. तिनं मला माफ केलं होतं — पण जी गोष्ट मी केलीच नव्हती, त्या गोष्टीसाठी.

तुम्ही काय केलं असतं? नको, सांगू नका. मी विचारायला नको होतं.

मी घडी घातलेला फ्रॉक कॉटवर ठेवला नि पडदा सारून स्वयंपाकघरात गेले. मला पाहताच वहिनीनं पुस्तकावर परात सरकवली. अगदी सहज, सवयीनं. आरू छताकडं बघायला लागली.

“काऊन जी, चहा मांडू का?” वहिनी म्हणाली.

मी त्यांच्याजवळ फरशीवर बसले. आरूला बाहेर पाठवावं, असं मनात आलं. नाही पाठवलं. ती गेली असती, तर मलाही थांबायला एक कारण मिळालं असतं. वहिनीचे हात पिठाचे होते. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, नि तिच्या कपाळावर आठी पडली — माझ्या काळजीनं. मी परात उचलून बाजूला ठेवली. पुस्तकावर पीठ सांडलं होतं, ते झटकलं. आवाज निघेल की नाही, ठाऊक नव्हतं. निघाला. फार मोठा नव्हता, पण दोघींनाही ऐकू गेला.

“वहिनी, मला हे येतं. तेव्हाही येत होतं. तू नागपूरला जाऊ नये, म्हणून मी तुला मुद्दाम चुकीचं शिकवलं.”